मध्यंतरातला आरडाओरडा आणि उत्तरार्धातला गोल

15 फेब्रुवारी 2003 रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर एफ. ए. चषकाच्या पाचव्या फेरीत मँचेस्टर युनायटेडचा संघ आर्सेनलकडून 0-2 असा हरला. सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी दुसऱ्या गोलचे खापर डेव्हिड बेकहॅमवर फोडले, बेकहॅमने उलट उत्तर दिले आणि रागाच्या भरात फर्ग्युसन यांनी जमिनीवर पडलेल्या बुटाला लाथ मारली. तो बूट उडून नेमका बेकहॅमच्या भुवईवर बसला आणि टाके घालावे लागले. दुसऱ्या दिवशी केस मागे ओढून, जखम सगळ्यांना दिसेल अशा बेताने तो बाहेर पडला आणि इंग्रजी वृत्तपत्रांची चंगळ झाली. त्याच हंगामात युनायटेडने आघाडीवरच्या आर्सेनलला मागे टाकून प्रीमियर लीग जिंकली, आणि उन्हाळ्यात बेकहॅम रेआल माद्रिदला गेला.

फुटबॉलमधल्या कडक शिस्तीचे समर्थक या प्रसंगानंतरचे विजेतेपद लक्षात ठेवतात आणि बेकहॅमचे जाणे विसरतात. प्रशिक्षक गरजला, संघ हडबडून जागा झाला आणि जिंकला, ही कथा या खेळाला इतकी प्रिय आहे की जगातल्या बहुतेक क्लबांच्या इतिहासात तिची एखादी आवृत्ती सापडतेच. फर्ग्युसन यांच्या संतापाला तर मार्क ह्यूज या त्यांच्या खेळाडूने ‘हेअरड्रायर’ असे नाव दिले आणि ते कायमचे चिकटले. गंमत अशी की निवृत्तीच्या सुमारास हार्वर्डच्या अभ्यासकांशी बोलताना याच फर्ग्युसन यांनी टीकेने फार थोडी माणसे सुधारतात, बहुतेकांना प्रोत्साहनच लागते आणि खेळाडूला ‘छान केलेस’ यापेक्षा मोठे काही ऐकायचे नसते, असे सांगितले. सत्तावीस हंगामांत 13 लीग विजेतेपदे मिळवणाऱ्या माणसाचे हे मत त्याच्याच दंतकथेच्या विरुद्ध जाते. माझ्या मते दंतकथेपेक्षा मत अधिक खरे आहे. मात्र प्रशिक्षकाने ओरडणे सोडून कौतुक सुरू करावे, एवढाच त्याचा अर्थ घेतला तर खेळाडू सुधारतो कशाने, या मूळ प्रश्नापाशी आपण पोहोचतच नाही.

आधी हे पाहू की ओरडण्याचा उपयोग होतो, असे इतक्या अनुभवी माणसांना मनापासून का वाटते. याचे सर्वांत चांगले उत्तर फुटबॉलच्या बाहेरून आले आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शिक्षेपेक्षा कौतुक अधिक परिणामकारक असते, असे समजावत होते. त्यावर एका अनुभवी प्रशिक्षकाने हरकत घेतली. शिकाऊ वैमानिकाने एखादी कसरत उत्तम केली आणि त्याची तारीफ केली की पुढच्या वेळी तो ती बिघडवतो, आणि वाईट केल्याबद्दल झापले की पुढच्या वेळी सुधारतो, हा त्याचा अनेक वर्षांचा अनुभव होता. कानेमन यांनी जमिनीवर खडूने एक लक्ष्य काढले आणि तिथल्या अधिकाऱ्यांना त्याकडे पाठ करून, न बघता, दोन-दोन नाणी फेकायला लावली. ज्यांचे पहिले नाणे लक्ष्याच्या अगदी जवळ पडले त्यांतल्या बहुतेकांचे दुसरे लांब गेले, आणि ज्यांचे पहिले फारच लांब गेले त्यांतल्या बहुतेकांचे दुसरे जवळ आले. कुणी कुणाला शाबासकी दिली नव्हती आणि कुणी कुणाला झापलेही नव्हते.

हाच हिशेब मैदानावर लावून पाहावा. कोणताही संघ रोज एकाच दर्जाचा खेळत नाही. त्याच्या कुवतीच्या आसपास त्याचा खेळ वरखाली होत राहतो. प्रशिक्षक मध्यंतरात तोंडसुख घेतो ते साहजिकच पूर्वार्ध कुवतीपेक्षा वाईट गेल्यावर, आणि कुवतीपेक्षा वाईट खेळलेला संघ पुढच्या 45 मिनिटांत बहुधा थोडा बरा खेळणारच असतो. उलट 4-0 अशा विजयानंतर पाठ थोपटली जाते, पुढचा सामना 1-1 असा सुटतो आणि पोरांच्या डोक्यात हवा गेली, असा निष्कर्ष काढला जातो. अशा रीतीने प्रशिक्षकाचा स्वतःचा अनुभवच त्याला वर्षानुवर्षे फसवत राहतो. तो खोटे बोलत नसतो; झापल्यावर झालेली सुधारणा त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते. फक्त ती झापल्यामुळे झाली, हे त्याने पाहिलेले नसते, आणि न झापता मध्यंतरात नुसते पाणी पाजले असते तर काय झाले असते, हे तपासायची संधी कुणालाच मिळत नाही.

दुसरी फसवणूक टिकून राहिलेल्यांच्या साक्षीमुळे होते. कठोर प्रशिक्षकांबद्दल आपल्याला जे कळते ते मोठ्या झालेल्या खेळाडूंच्या तोंडून. स्टीव्हन जेरार्डने लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक राफाएल बेनितेझ यांच्या थंडपणाबद्दल बरेच लिहिले-बोलले आहे. त्यांच्याकडून एखादी शाबासकी मिळावी म्हणून तो झटत राहिला आणि त्या कोरडेपणाने आपला खेळ वाढवला, असे तो मानतो. त्याच्याबद्दल ते खरे असेलही. पण जेरार्ड आधीच जेरार्ड होता, लिव्हरपूलचा कर्णधार होता, आणि त्याच कोरडेपणाखाली जे सुकून गेले त्यांची आत्मचरित्रे कोणी छापत नाही.

नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या ब्रायन क्लफ यांच्याकडे या दोन्ही बाजू एकाच छताखाली दिसतात. जॉन रॉबर्टसन हा त्यांचा डाव्या बगलेवरचा खेळाडू गबाळा, सुटलेल्या अंगाचा आणि सिगारेट ओढणारा होता, आणि क्लफ त्याच्या अवतारावरून त्याला चारचौघांत सोलून काढत. पण चेंडू त्याच्या पायात आला की हा आमच्या खेळातला पिकासो आहे, असे तेच म्हणत. 1979च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात रॉबर्टसनच्या क्रॉसवर ट्रेव्हर फ्रान्सिसने एकमेव गोल केला आणि 1980च्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल तर रॉबर्टसननेच केला. त्याच क्लफ यांनी 1981 साली जस्टिन फॅशनू याला दहा लाख पौंड देऊन आणले. त्याच्याशी त्यांचे कधी जुळले नाही. त्याच्या समलिंगी असण्याच्या चर्चेवरून त्यांनी त्याला अपमानित केले, संघापासून दूर ठेवले आणि पुढच्याच वर्षी शेजारच्या नॉट्स काउंटीला दीड लाख पौंडांत विकून टाकले. फॅशनूची कारकीर्द पुन्हा त्या उंचीवर गेली नाही. रॉबर्टसनवरचे टोमणे त्याच्या पोटाला आणि कपड्यांना लागत, त्याच्या खेळावरचा विश्वास शाबूत राही. फॅशनूवरचा मार थेट माणसावर होता. कठोरपणाचे यश सांगताना आपण दोन युरोपियन चषक मोजतो, तेव्हा हे साडेआठ लाख पौंडही त्याच वहीत मांडायला हवेत. आणि त्या माणसाचे जे नुकसान झाले ते तर पौंडांत मांडताच येणार नाही.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बॅरी स्टॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा आणि महाविद्यालयांच्या 23 बास्केटबॉल संघांच्या प्रशिक्षकांची मध्यंतरातली 304 भाषणे त्यांनी ध्वनिमुद्रित करून तपासली. ज्या भाषणांत नाराजी आणि राग अधिक होता त्यांच्यानंतर संघ उत्तरार्धात अधिक चांगले खेळले. पण राग एका मर्यादेपलीकडे गेला की परिणाम उलटला. खेळ वेगळा असला तरी या निष्कर्षाला नशिबाचा खेळ म्हणून उडवून लावणे बरोबर होणार नाही. रागातून निकड कळते, आणि आघाडीवर असतानाही जो प्रशिक्षक समाधानी नसतो तो खेळाडूंना सैलावू देत नाही, हे कुणीही मान्य करील. मात्र हा अभ्यास एका सामन्याच्या उत्तरार्धापुरता आहे. एखाद्या मुलीने सोळाव्या वर्षी खेळ का सोडला, किंवा एखादा बचावपटू आपल्या भागात चेंडू पायात ठेवायचे सोडून तो लांब उडवून मोकळा का होऊ लागला, हे असल्या मोजमापात येत नाही. शिवाय तीस सामन्यांच्या हंगामात तिसाव्या वेळी ओरडणाऱ्याचा राग पहिल्या वेळेइतका कामाचा राहत नाही. फर्ग्युसन यांचाही नियम असा होता की सामन्यानंतर जे बोलायचे ते लगेच बोलायचे, ते सोमवारपर्यंत ताणायचे नाही आणि पुढच्या सामन्याला लागायचे. युनायटेडचा खेळाडू एरिक काँतोना याच्यावर ते कधी ओरडले नाहीत, असे त्याच्या बरोबरचे खेळाडू सांगतात. इतरांना हा पक्षपात वाटला असता, पण कोणाला कशाने चेव येतो हे प्रशिक्षकाला ठाऊक आहे, एवढा भरवसा त्या ड्रेसिंग रूमला होता.

कौतुकाच्या बाजूने बोलणाऱ्यांचेही मला सगळे पटत नाही. हल्ली खासगी अकादमींमध्ये ‘सुपर’, ‘ब्रिलियंट’, ‘एक नंबर’ यांचा जो पाऊस पडतो तो बऱ्याच वेळा फी भरणाऱ्या पालकांसाठी असतो. मूल इतके भोळे नसते. प्रत्येक पासला ‘एक नंबर’ मिळू लागला की त्या शब्दाची किंमत किती, हे त्याला चटकन कळते. मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, हुशारीबद्दल वाखाणलेल्या मुलांनी पुढे अवघड कोडी टाळली आणि अपयश आल्यावर ती लवकर खचली. मेहनतीबद्दल वाखाणलेली मुले अवघड कोड्यांकडे वळली. ‘तुझ्यात जन्मजात कला आहे’ असे बारा वर्षांच्या मुलाला सांगणारा प्रशिक्षक त्याचे भलेच चिंतत असतो. पण त्याने त्या मुलाच्या हाती जपायची एक गोष्ट दिलेली असते, आणि जपणारा खेळाडू डाव्या पायाने फटका मारून पाहत नाही.

कौतुक आणि टीका यांच्या भांडणात जी गोष्ट नजरेआड होते ती म्हणजे माहिती. अमेरिकेतील यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वूडन यांनी बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. 1974-75च्या त्यांच्या शेवटच्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावांना बसून त्यांच्या प्रत्येक वाक्याची आणि कृतीची नोंद करत होते. अशा दोन हजारांहून अधिक नोंदींपैकी निम्म्या निव्वळ सूचना होत्या, म्हणजे काय करायचे आणि कसे करायचे. निव्वळ शाबासकी शंभरात सुमारे सात वेळा आली, आणि निव्वळ नापसंतीचे प्रमाणही जवळपास तेवढेच होते. चूक दिसली की वूडन योग्य पद्धत करून दाखवत, मग खेळाडूने काय केले त्याची नक्कल करत आणि पुन्हा योग्य पद्धत दाखवत. सगळे काही सेकंदांत, भाषणाशिवाय.

फुटबॉलमधले एक साधे उदाहरण घेऊ. लेफ्ट बॅककडे, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावपटूकडे, मधल्या बचावपटूचा पास येतो आहे. त्याचे तोंड स्वतःच्या गोलकडे आहे, मागून प्रतिस्पर्ध्यांचा विंगर (बगलेवरचा खेळाडू) धावत येतो आहे आणि हे त्याला दिसलेले नाही, चेंडू जातो. काठावरून तीन वाक्ये येऊ शकतात. ‘डोळे फुटलेत का रे?’ हे पहिले. ‘असू दे, असू दे, छान प्रयत्न!’ हे दुसरे. दोन्ही ऐकल्यावर त्या मुलाला पुढच्या वेळी वेगळे काय करायचे, याचा पत्ता लागत नाही. पहिल्याने तो चेंडू मागायचेच टाळू लागतो आणि दुसऱ्याने तीच चूक निर्धास्तपणे पुन्हा करतो. ‘पास निघायच्या आधी खांद्यावरून मागे बघ आणि अंग मैदानाकडे वळलेले ठेव’ हे तिसरे वाक्य टीकाही आहे, कारण तू हे केले नाहीस, असे ते सांगते. त्यात विश्वासही आहे, कारण तू हे करू शकतोस, असे ते धरून चालते. ते वरच्या पट्टीत म्हटले तरी चालेल. वाऱ्यात आणि गोंगाटात मैदानाच्या पलीकडे ऐकू जायचे तर ते वरच्या पट्टीतच म्हणावे लागते, आणि आवाजाची पट्टी म्हणजे कठोरपणा अशी गल्लत आपण उगाच करतो.

तिसऱ्या वाक्याचाही अतिरेक होतो, हे मात्र कबूल करायला हवे. एप्रिल 2017 मध्ये एव्हर्टनविरुद्ध 1-1 अशा बरोबरीनंतर मँचेस्टर युनायटेडचे तेव्हाचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांनी आपलाच लेफ्ट बॅक ल्यूक शॉ याच्याबद्दल पत्रकारांसमोर सांगितले की शरीर त्याचे होते, पण मेंदू माझा होता. तो मैदानाच्या माझ्या बाजूला खेळत होता आणि त्याचा प्रत्येक निर्णय मीच घेत होतो, असेही ते म्हणाले. या एका विधानात दोन दोष दिसतात. पहिला म्हणजे जे सरावाच्या मैदानावर, दार लावून सांगायचे ते जगाला सांगितले. त्यामुळे शॉला उत्तर द्यायला जागा उरली नाही आणि ऐकणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला आपली पाळी कधी येईल हे कळून चुकले. दुसरा दोष अधिक खोल आहे. ज्या खेळाडूचे सगळे निर्णय काठावरून घेतले जातात त्याला निर्णय घेता येत नाहीत, याचे नवल वाटायचे कारण नाही. डिसेंबर 2018 मध्ये मोरिन्यो यांना पदावरून दूर केले गेले आणि त्या हंगामाच्या अखेरीस चाहत्यांनी आणि सहकारी खेळाडूंनीही युनायटेडचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून शॉला निवडले. त्या हंगामाचा पहिला भाग तो मोरिन्यो यांच्याच हाताखाली आणि चांगला खेळला होता, त्यामुळे प्रशिक्षक गेला म्हणून खेळाडू फुलला, असे सरळ समीकरण मी मांडणार नाही. पण मेंदू त्याच्याकडे होता, एवढे तर दिसलेच.

अपमानाने संघ पेटून उठल्याची उदाहरणे आपल्याकडेही सांगितली जातात, आणि त्यांतले सर्वांत गाजलेले कोलकात्याचे आहे. 13 जुलै 1997 रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर सुमारे 1 लाख 31 हजार प्रेक्षकांसमोर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यात फेडरेशन चषकाची उपांत्य लढत झाली. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी सामन्याआधी ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियाची ‘चुंगचुंग’ म्हणून टिंगल केली होती. ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी हे खेळाडूंशी आपुलकीने बोलून त्यांना पेटवण्यासाठी प्रसिद्ध होते. बंगालमध्ये या बोलण्याला ‘व्होकल टॉनिक’ म्हणत. बायचुंगने तीन गोल केले आणि ईस्ट बंगालने सामना 4-1 असा जिंकला. पण इथे अपमान करणारा समोरच्या संघाचा होता आणि पाठीवर हात ठेवणारा आपला. शत्रूच्या तोंडचा अपशब्द संघाला जवळ आणतो. तोच शब्द आपल्या प्रशिक्षकाच्या तोंडून आला असता तर बायचुंग कोणाविरुद्ध पेटून उठला असता?

इथपर्यंतची चर्चा मोठ्या, पगारी खेळाडूंची झाली. मुलांच्या बाबतीत माझे मत याहून स्पष्ट आहे, कारण तिथे पुरावाही अधिक स्पष्ट आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाचे रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी 1970च्या दशकापासून लहान मुलांच्या बेसबॉल संघांत प्रशिक्षकांचे वर्तन मोजले. ज्या मुलांना स्वतःबद्दल फारसा विश्वास नव्हता त्यांच्यावर प्रशिक्षकाच्या बोलण्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो, असे त्यांना आढळले. पुढे 1992 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या अभ्यासात काही प्रशिक्षकांना हंगामाआधी थोडे शिक्षण दिले गेले: चांगल्या प्रयत्नाची दखल घ्या, चूक झाल्यावर धीर देऊन दुरुस्ती सांगा, शिक्षा टाळा. पुढच्या हंगामात अशा प्रशिक्षकांच्या हाताखालच्या मुलांपैकी 5 टक्के मुले खेळायला परतली नाहीत; इतर प्रशिक्षकांच्या बाबतीत हे प्रमाण 26 टक्के होते. दोन्ही गटांच्या जय-पराजयात फरक नव्हता. म्हणजे ओरडण्याने सामने जिंकले जात नव्हते, फक्त मुले गळत होती.

महाराष्ट्रात हा हिशेब अधिकच महत्त्वाचा आहे, कारण इथे फुटबॉलला मुले मुबलक मिळत नाहीत. क्रिकेट, शिकवण्या आणि दहावीचे वर्ष यांतून उरलेली मिळतात. कोल्हापूर हा याला सन्माननीय अपवाद. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नको की प्रेक्षकांच्या तिखट जिभेखाली खेळायची सवय तिथल्या खेळाडूला आपोआप होते; त्यासाठी प्रशिक्षकाने वेगळी तिखटाची पूड टाकायची गरज नसते. मुंबई-पुण्याच्या शालेय सामन्यांत मात्र दृश्य वेगळे असते. बारा वर्षांखालच्या सामन्यात काठावरून प्रशिक्षक ‘मार, मार, लांब मार!’ म्हणतो, त्याच क्षणी कुणाचे तरी वडील ‘पास कर, पास कर!’ म्हणतात, आणि चेंडूवर उभा असलेला मुलगा आधी काठाकडे पाहतो. एवढ्यात चेंडू गेलेला असतो आणि त्याबद्दल त्याला पुन्हा ऐकून घ्यावे लागते.

कठोर प्रशिक्षण या नावाखाली काय काय खपते, याचा धडा अमेरिकेच्या महिला फुटबॉलने दिला आहे. व्यावसायिक महिला लीगमधील गैरप्रकारांची वकील सॅली येट्स यांच्या नेतृत्वाखाली चौकशी झाली आणि ऑक्टोबर 2022 मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. 200हून अधिक मुलाखतींनंतर चौकशी करणाऱ्यांनी नोंदवले की शाब्दिक आणि मानसिक छळ, आणि काही ठिकाणी लैंगिक गैरवर्तन, या लीगमध्ये मुरलेले होते, आणि त्याची मुळे थेट मुलींच्या वयोगटांतल्या फुटबॉलपर्यंत जात होती. तक्रारी झाल्या होत्या, पण खेळाडूला घालूनपाडून बोलणे ही प्रशिक्षकाची शैली मानली गेल्याने त्यांची धार बोथट होत गेली. जानेवारी 2023 मध्ये चार माजी प्रशिक्षकांवर त्या लीगने कायमची बंदी घातली. प्रत्येक ओरडणारा प्रशिक्षक छळवादी असतो, असे कुणीच म्हणणार नाही. पण ओरडणे हाच प्रशिक्षणाचा पुरावा मानणाऱ्या मैदानावर छळवाद्याला लपायला जागा मिळते, आणि तिथे खेळणारी मुलगी घरी काय सांगणार? सगळेच तसे बोलतात, एवढेच.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी आणि सी परवान्यांच्या अभ्यासक्रमांतून दर वर्षी नवे प्रशिक्षक तयार होतात. परवाना देताना प्रशिक्षक सराव कसा आखतो हे पाहिले जाते. तो काय बोलतो, हेही मोजायला हरकत नाही. यंत्रसामग्री लागत नाही. एका सरावभर मोबाइल खिशात ध्वनिमुद्रणावर ठेवायचा, घरी ते ऐकायचे आणि वहीत तीन रकाने पाडायचे: काय करायचे ते सांगणारी वाक्ये, नुसती शाबासकी आणि नुसता राग. चौथा रकाना नावांचा, कारण बऱ्याच सरावांत अठरा मुलांपैकी पाच-सहा मुलांचीच नावे प्रशिक्षकाच्या तोंडी येतात, रागातही आणि कौतुकातही. बाकीची मुले दीड तास धावून, कुणीही काहीही न बोलता घरी जातात. शाळांनी आणि अकादमींनी प्रशिक्षक नेमताना त्याच्या जुन्या पदकांबरोबर अशी एक वहीही मागावी, आणि पालकांनी फी भरण्याआधी एखाद्या सरावाला काठावर गप्प बसून ती स्वतः भरून पाहावी.